बॉनेटपुढचा रस्ता

साहेब, आमच्या ड्रायव्हरला आंधळं तुम्ही केलंत. चौकशीत त्याच्या नावावर निष्काळजीपणा टाकलाय, तो तिथून काढा आणि तुमच्या नावावर घ्या. आम्हाला काही ठाऊक नव्हतं, असं तर मुळीच सांगू नका. तुम्हाला विचारल्याशिवाय तुमचा माणूस आमच्या गॅरेजात खुर्चीवरसुद्धा बसत नव्हता.

मी गाड्यांच्या गाद्या भरते. नवरा इंजिनं उघडतो. ती गाडी आमच्याकडे आली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. उघड्या टपाची, लांब नाकाची, माझ्या सासूच्याही आधी जन्मलेली. नव्या पुलाच्या उद्घाटनाला तुम्ही तिच्यात उभं राहून जाणार, असा हुकूम होता. आम्ही गंज खरवडला, सडलेला पत्रा कापून नवा जोडला, टपाचं कापड फाटकं होतं ते मी उसवून तसंच नवं बेतलं. चार महिने घरात दुसरा विषय नव्हता.

चालवणार माझे दीर. उंची अशी की अख्खी गल्ली त्यांना शिडी म्हणते आणि बल्ब गेला की हाक मारते. पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांचे गुडघे स्टिअरिंगला अडकले आणि डोकं काचेच्या चौकटीवरून बाहेर आलं.

"वहिनी, ही गाडी बुटक्यांच्या खानदानातली दिसते."

"पाय कापू का थोडे?"

"पाय राहू द्या. गादी कापा."

कापली. पाठीचा काथ्या कमी केला, सीटच्या पट्ट्या मागे सरकवल्या, मांडीखाली पुढच्या अंगाला उंचवटा दिला, म्हणजे क्लच दाबून दाबून कंबर धरणार नाही. बसवलं, उठवलं, परत बसवलं. शेवटी ते टेकले, हात आपोआप चाकावर आले. डोळे मिटून म्हणाले, "आता जेवायचं ताट इथेच आणा." नवरा खो खो हसला. त्या गाडीपायी आम्ही हसलो ते तेवढंच.

मग पांढरे बूट आले. तुमच्या माणसाने नाव कधी सांगितलं नाही, आणि ऑइल सांडलेल्या गॅरेजात पांढरे बूट घालून येणारा दुसरा कुणी आम्ही पाहिला नव्हता. त्याने मागे तुमच्या जागी एकाला उभं केलं, समोरून फोटो काढला आणि मोबाइल माझ्या नाकाशी धरला.

"हे काय आहे?"

"माझे दीर आहेत."

"हे डोकं आहे. साहेबांच्या पोटाच्या मधोमध. फोटोत हे येता कामा नये."

नवरा चाचरत म्हणाला, "पण डोकं तर ड्रायव्हरला लागतंच."

"लागू दे की. खाली लागू दे."

आधी त्याने एक ठेंगणा ड्रायव्हर आणून पाहिला. त्याला असल्या जुन्या गाडीची सवय नव्हती. त्याने गिअर टाकला आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली. परत तेच. परत तेच. तो उतरला आणि सरळ निघून गेला. शहाणा होता.

"म्हणजे सीटच खाली घ्यायची," पांढरे बूट म्हणाले. जाता जाता दारात थांबून त्याने आमच्या छपराकडे पाहिलं. "ही जागा नाल्याची ना? आम्ही अजून काही बोललेलो नाही हं."

आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. त्या हळू बोलण्यावर मी पाना हातात घेतला.

मी स्प्रिंगा काढल्या. फळी थेट गाडीच्या तळाला बोल्टने आवळली, वर बोटभर जाडीची गादी. शिडी जमिनीवर फतकल मारल्यासारखे बसले. गुडघे छातीशी, नजर चाकाच्या कड्यातून. नवऱ्याने गाडीसमोर एक टायर उभा धरला.

"दिसतोय?"

"नाही."

मागे नेला. "आता?"

"बॉनेट दिसतंय. चकाचक आहे."

टायर मागे मागे जात न्हाव्याच्या दुकानाशी पोचला, तेव्हा दीर म्हणाले, "वरची कड दिसली." त्या टायरच्या आणि गाडीच्या मध्ये आमची निम्मी गल्ली होती. दोन पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या. गाडीत बसलेल्याला त्या पोरी नव्हत्याच. दिरांनी चाकावरचे हात काढले आणि पँटला पुसले. त्यानंतर त्यांनी एकही विनोद केला नाही.

मी पांढऱ्या बुटांना तो टायर दाखवला. म्हटलं, गाडीपुढे एक माणूस चालू द्या.

"समोर मोकळं हवं. फोटो असतात."

"मग बाजूने?"

त्याने तिथेच तुम्हाला फोन लावला. टायरपासून न्हाव्यापर्यंत सगळं सांगितलं, मी ऐकत उभी होते. फोन ठेवून म्हणाला, "साहेब म्हणाले बाजूला चालेल. बाई असली तर बरी दिसेल."

ती बाई मी. ड्रायव्हरच्या दाराला हात लावून मी चालायचं आणि त्यांनी माझ्या शब्दावर गाडी हाकायची, असं ठरलं.

त्या दुपारी मी जीव मुठीत धरून चालत होते. "सरळ. सरळच. थोडं डावीकडे, भाऊजी. आता सरळ." घसा कोरडा पडला तरी बोलत होते, कारण गप्प बसायची भीती वाटत होती. दिरांच्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरात जात होता. दोन्ही बाजूंना गर्दी, मागे बँड, वर तुम्ही हात हलवताय.

पुलाच्या तोंडाशी कुणीतरी माझं कोपर धरलं. "बाई, फ्रेममध्ये येताय." मला मागच्या चाकामागे ढकललं आणि मध्ये एक आडदांड माणूस उभा राहिला. मी ओरडले. बँडने ते गिळलं. दिरांना मान वळवून बघायचीही सोय मी ठेवली नव्हती. त्यांच्या लेखी मी अजून दाराशीच होते, आणि मी 'थांबा' म्हटलं नव्हतं म्हणजे रस्ता साफ होता. गाडी त्याच संथपणे पुढे जात राहिली.

गर्दीतून एक म्हातारा रेटला गेला. त्याचा चष्मा पडला. तो चाचपडत रस्त्यावर आला, गाडीच्या नाकापुढे गुडघ्यांवर बसला आणि हाताने जमीन पुसू लागला. मला त्याची पाठ दिसली, मग बॉनेटआड तीही दिसेनाशी झाली.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खाली पाहत होतात. त्याच्याकडेच.

त्या आडदांडाच्या काखेखालून मी कशी निसटले ते मला सांगता येणार नाही. मी धावले आणि ड्रायव्हरचं दार खस्सकन उघडलं. चालत्या गाडीचं दार उघडलं की कुठल्याही ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जातो. गेला. गाडी जागच्या जागी थिजली आणि तुम्ही तोंडावर आपटलात. बंपर म्हाताऱ्याच्या खांद्याला टेकला होता. त्याने चष्मा उचलला, शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि मग त्याला समोर गाडी दिसली. तो बसल्या जागीच मागे कलंडला.

तुमच्या आपटण्याचा फोटो छापून आला. म्हणून दीर कोठडीत आहेत. गाडी मुद्दाम थांबवली, नुसता निष्काळजीपणा नाही, घातपाताचाही विचार होता, असं म्हणतात. रस्ता मोकळा होता, असंही म्हणतात. दार मी उघडलं, ते कुणी लिहून घेत नाही. परवा तो म्हातारा खांदा धरून आमच्याकडे आला होता, साक्ष देतो म्हणाला. मागोमाग त्याचा मुलगा आला आणि त्याला हाताला धरून घेऊन गेला. मी मुलाला दोष देत नाही. त्यालाही कुणीतरी हळू आवाजात काही विचारलं असेल.

मी भ्यायलेली आहे. दारावर टकटक झाली की नवरा आणि मी एकमेकांकडे बघतो, उठत कुणीच नाही. तरी विचारते, कारण दुसरं कुणी विचारणार नाही. त्या गाडीत दोन माणसं होती. एकाला खाली बसवलं होतं, त्याला दिसत नव्हतं. दुसरे तुम्ही, सगळ्यांत उंच उभे. ड्रायव्हरचा खांदा तुमच्या गुडघ्यापाशी होता, नुसता बूट लावला असता तरी तो थांबला असता. म्हातारा तुम्हाला दिसला होता. मग तुम्ही हात हलवत का राहिलात? माझ्या दिरांना सोडा, आणि याचं उत्तर द्या.