पामरवाडीचं नाव

मानपाड्याच्या मागे, एमआयडीसीच्या कुंपणापलीकडे साठ-सत्तर घरांची एक वस्ती आहे. तिला पामरवाडी म्हणत. पामर म्हणजे क्षुद्र, दीनवाणा. असं नाव कुणी ठेवलं ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण ते आधार कार्डावर होतं, शाळेच्या दाखल्यावर होतं. वस्तीतला सम्यक एका मुलाखतीला गेलेला, तेव्हा पत्ता वाचून साहेब हसला. त्यानंतर सम्यकने घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि महापालिकेत अर्ज दिला, की नाव बदलून सिद्धार्थनगर करावं.

चौकशीला प्रभाग कार्यालयातून ऋजुता आली. ती तिथे लिपिक होती. तिच्या फॉर्मवर 'जुन्या नावाचा उगम' असा एक रकाना होता. कार्यालयात सगळे तिथे 'माहिती उपलब्ध नाही' लिहून मोकळे होत. तिने मात्र सम्यकला विचारलं, वस्तीत सगळ्यात जुनं कोण? तो तिला रमाबाईंकडे घेऊन गेला.

रमाबाई पासष्टीच्या. दारात मेथी निवडत बसलेल्या. त्यांनी हात न थांबवता सांगितलं, की बहात्तरच्या दुष्काळात त्या आईबापांबरोबर जालन्याकडून आल्या, बारा-तेरा वर्षांच्या होत्या. इथे तेव्हा दगडाची खाण होती. खाणीवर आधीच दुसऱ्या मुलखातली माणसं दगड फोडत होती. त्यांची भाषा कळायची नाही. कुठले म्हणून विचारलं, की छातीवर हात ठेवून 'पालमूर, पालमूर' म्हणायची.

ऋजुताचं पेन थांबलं. "पामर नाही?"

"पामर कुठलं, मॅडम? पालमूरवाल्यांची वाडी ती. कागदावर पामर तुमच्या हापिसानं केलं."

इतकी वर्षं एकाच वस्तीत राहून सम्यकने हे कधी विचारलं नव्हतं. रमाबाईंनाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. खाण बंद पडली तशी ती माणसं कुठल्याशा धरणाच्या कामावर निघून गेली, त्यालाही आता पंचेचाळीस वर्षं झाली.

मग त्या सहज म्हणाल्या, की त्यांच्यातला एकजण संध्याकाळी छिन्नी घेऊन कातळावर जिलेब्यांसारखी नक्षी काढत बसायचा. ती असेल अजून.

तिघं खाणीच्या तळ्याकडे गेले. ऊन कलतं होतं. काठावर माणसापेक्षा उंच कातळ उभा होता, शेवाळाने काळा पडलेला. सम्यकने खराट्याने तो घासायला घेतला, आणि एकेक गोल, वेलांटीदार अक्षर वर येऊ लागलं. नक्षी नव्हती ती. ऋजुताने फोनचा कॅमेरा त्यावर धरला. तेलुगू, फोनने सांगितलं. मग पहिल्या ओळीवर मराठी अक्षरं उमटली : पालमूर.

त्याखाली नावं होती. बालय्या. एल्लम्मा. नरसिंहुलू. सम्यक घासत राहिला, ऋजुता वाचत राहिली. एकतीस नावं निघाली. या रस्त्याने ऋजुता कित्येकदा गेली होती. ही माणसं कुठल्याच कागदावर नव्हती. उरलं होतं ते त्यांच्या गावाचं नाव, तेही बिघडलेलं, आणि तरीही पन्नास वर्षं रोज माणसांच्या तोंडात.

"यात लक्ष्मी आहे का?" रमाबाईंनी विचारलं.

होती. खालून चौथी. रमाबाईंनी त्या अक्षरांवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"आम्ही आलो तेव्हा पलीकडच्या विहिरीवर आम्हाला चढू देत नव्हते," त्या म्हणाल्या. "हिनं स्वतःची घागर माझ्या आईच्या हातात दिली. जात विचारली नाही. विचारायला भाषाच कुठं होती?"

रविवारी वस्तीतल्या विहारात बैठक भरली. निम्म्या लोकांना सिद्धार्थनगरच हवं होतं. ती माणसं आपली थोडीच, असंही एकजण म्हणाला. सम्यक उठला. त्याने कातळाचा फोटो दाखवला, रमाबाईंनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं आणि स्वतःचा अर्ज मागे घेतला. विहाराला सिद्धार्थ विहार म्हणायचं आणि वाडीचं नाव दुरुस्त करून मागायचं, असं ठरलं.

ऋजुताने फॉर्म पुन्हा भरला. उगमाच्या रकान्यात एकतीस नावं मावेनात, म्हणून तिने वेगळा कागद जोडला. तिच्या साहेबांनी विचारलं, एवढं कशाला? तिने फोटो पुढे केला. त्यांनी तो मोठा करून पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिला आणि सही केली.

डिसेंबरात पाटी लागली, पालमूरवाडी. पाटी बसवणाऱ्याला रमाबाईंनी चहा दिला आणि 'ल' नीट दिसतोय ना, म्हणून दोनदा विचारलं.