सगळ्या तोट्या उघडून

पंपांच्या कारखान्यात उभा जन्म तपासणी विभागात घालवून तो निवृत्त झाला, पण अंगातली तपासणी काही गेली नाही. घरात नवी छत्री आली तरी आधी ती नळाखाली धरली जायची. बायको हे सगळं हसण्यावारी न्यायची. या वेळी मात्र तिला हसू येत नव्हतं.

तिचा आणि तिच्या धाकट्या बहिणीचा दोन वर्षं अबोला होता. आईचं शिलाई मशीन कोणी न्यायचं यावरून बिनसलं ते बिनसलंच. शेवटी हिनेच नमतं घेऊन मेल लिहिला: 'माझं चुकलं. ये ना एकदा.' बरेच दिवस झाले, उत्तराचा पत्ता नाही.

"तुमच्या त्या जुनाट सॉफ्टवेअरचाच घोळ असणार," ती म्हणाली. "तिने उत्तर पाठवलं असेल, पण ते यात कुठेतरी अडकलं असेल."

दुसरं कारण तिला सोसणार नाही, हे त्याला दिसत होतं. त्याने बाह्या सरसावल्या. नवं सॉफ्टवेअर घ्यायचं, पण फुकटचं. न तपासलेल्या वस्तूला पैसे मोजणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

पहिलं उतरवून घेतलं. आता चाचणी. एकच तोटी उघडून पंप पास करणारा त्याच्या लेखी कामचोर. सगळ्या तोट्या उघडा, मग कळतं दम किती आहे ते! म्हणून त्याने कॉम्प्युटरमध्ये साठवलेले झाडून सगळे पत्ते निवडले, अगदी दातांच्या डॉक्टरसकट, आणि लिहिलं: 'ही चाचणी आहे. कृपया उत्तर देऊ नये.' सगळं गणगोत उत्तरं पाठवत बसलं तर मेव्हणीचं उत्तर त्या गर्दीत हरवायचं, एवढी दूरदृष्टी त्याच्याकडे होती. घरात मेलचा पत्ता मात्र एकच होता, तोही बायकोच्या नावाचा.

पहिलं नापास झालं. मेलच्या शेजारी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात नाचत होती, आणि आपल्या गुडघ्यांची बातमी यांना कोणी दिली, या विचाराने तो हादरला. दुसऱ्याची अक्षरं मुंगीएवढी. तिसरं गुणाचं होतं, पण उघडलं की देणगी मागायचं, तेही इतक्या अजिजीने की हातातला चहा गोड लागेना. चौथ्याला दोष सापडेना, म्हणून त्याचा संशय आणखी वाढला. दर वेळी सगळ्या तोट्या, दर वेळी तोच मजकूर.

"मेल झकास जातायत," तो म्हणाला. "एकही परत आलेला नाही."

"मग तिचा का येत नाही?"

पुढे तिने विचारणंच सोडलं. ओले हात पुसत खुर्चीमागे यायची, पडद्याकडे बघायची आणि परत जायची.

आणि एका सकाळी फोन वाजला.

"भाऊजी, ताईला निरोप द्या," मेव्हणी कडाडली. "आधी म्हणे माझं चुकलं, ये. इतके दिवस विचार करून मी लिहायला बसते, तर म्हणे ही चाचणी आहे, उत्तर देऊ नये! बरं, एकदा सांगून भागलं असतं. चार वेळा? मी काय तिच्या दारात उभी होते?"

क्षणभर वाटलं, फोन ठेवून द्यावा. मग त्याने बायकोला हाक मारली आणि तिच्यादेखत फोनवर सगळं सांगून टाकलं, तोट्यांसकट.

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला उभ्या उभ्या नापास झाल्यासारखं वाटलं. तिने फोन हिसकावून घेतला.

"ऐकलंस ना? असल्या माणसाबरोबर मी इतकी वर्षं काढलीत!"

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. बायको फस्सकन हसली, मग हसता हसता रडायला लागली.

"अगं, छत्रीचं तर तुला सांगितलंच नाही," डोळे पुसत ती म्हणाली, आणि फोनवर हात ठेवून त्याच्याकडे वळली. "अहो, असे उभे काय राहिलात? मला खुर्ची आणून द्या. वेळ लागेल."