दाराजवळची खुर्ची

त्याने स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून बाहेरच्या खोलीत आणली आणि दाराला लागून ठेवली. मग बोटाने दाबून पाहिली. एक पाय आखूड होता. त्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून तो उठत होता, तेवढ्यात घंटा वाजली.

दारात एक तरुण बाई होती. खांद्याला पिशवी, हातात मोबाइल, आणि श्वास छातीत मावत नव्हता.

"काका, लिफ्ट बंद आहे तुमची! कंपनीला शंभर वर्षं झाली, माझी तर या जिन्यातच भरली."

"बसा," तो म्हणाला.

ती आत जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळली.

"इथे," त्याने दाराजवळची खुर्ची दाखवली. "तिथे ऊन येतं."

ऊन येत नव्हतं. ते दुपारनंतर यायचं. पण ती खुर्ची त्याच्या बायकोची होती, आणि समोरची त्याची. बाहेरच्या खोलीत एवढ्या दोनच.

त्याने पाणी आणून दिलं. बाई अर्धा ग्लास प्यायली आणि तिने तो पायाशी ठेवला. ती कंपनीच्या इतिहासाचं पुस्तक लिहीत होती. लोकांचे पैसे गुंतवणारी ही जुनी कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती, आणि पुढच्या महिन्यात दारावरची पितळी पाटी उतरणार होती.

"नवे मालक म्हणाले, पाटी उतरायच्या आधी पुस्तक निघू दे. आठवण म्हणून."

"मयत उचलायच्या आधी फोटो काढून घेतात, तसं," तो म्हणाला.

बाई हसली, आणि हसल्याचं तिलाच बरं वाटलं नसावं. तिने मोबाइल मांडीवर ठेवला.

"काका, मी रेकॉर्ड करते हं. तुम्ही बिनधास्त बोला."

त्याने घसा साफ केला. कुठून सुरुवात करायची ते त्याने सकाळपासून मनात घोळवलं होतं. कंपनी काढणाऱ्या थोरल्या साहेबांनी कापडाच्या दुकानावरच्या माडीत एक टेबल भाड्याने घेतलं, तिथून तो सांगू लागला. मास्तर, नर्सा, टायपिस्ट, ज्यांच्याकडे मोठा पैसा कधीच नव्हता, ते थोडं थोडं आणून द्यायचे आणि साहेब ते दहा ठिकाणी लावायचे. बाजार कोसळला तेव्हा माणसं जिन्यात उभी राहिली. साहेबांनी दार लावून घेतलं नाही. उलट बाकं बाहेर मांडली, पाण्याचे माठ ठेवले, आणि स्वतः खाली येऊन एकेकाला सांगत राहिले की किती बुडालं आणि किती उरलंय. त्या दिवशी निम्म्या माणसांनी पैसे काढलेच नाहीत.

"हे आहे माझ्याकडे," बाई मधेच म्हणाली. "बाकं, माठ, सगळं आलंय. तुमच्याकडून मला वेगळंच हवंय. तुम्ही बसायला जायचात ना?"

"हो."

"ऑफिसात जुने लोक अजून सांगतात. बसणारे काका."

"तोंडावर बसणारे काका म्हणायचे. पाठीमागे यमाचा मेव्हणा."

"अय्या! मग हे तर घालायलाच हवं."

बसायला जाणं ही त्या कंपनीची रीत होती. पैसे ठेवलेला कुणी वारला की कागदपत्रं सुरू होण्याआधी कंपनीचा माणूस त्या घरी जाऊन बसायचा. थोरल्या साहेबांनी त्याचे नियम घालून दिले होते. दाराजवळ बसायचं, म्हणजे घरच्यांना वाटायला नको की हा काही न्यायला आलाय. पैशाचं नाव काढायचं नाही. दिलेलं पाणी संपवायचं. आणि घरातलं कुणीतरी गेलेल्या माणसाबद्दल काहीतरी सांगेपर्यंत उठायचं नाही. 'चांगला होता' हे सांगण्यात धरायचं नाही, साहेब म्हणायचे. ते झाकण असतं. झाकणाखाली काय आहे ते आपोआप वर येतं. फक्त बसून राहायचं.

तो नोकरीला लागला तेव्हा हे काम कुणालाच नको होतं. नव्या माणसाच्या गळ्यात घातलं, तो निवृत्त होईपर्यंत ते त्याच्याच गळ्यात राहिलं.

"धाकट्या साहेबांच्या मुलाशी बोलले मी," बाई म्हणाली. "थोरल्यांचे नातू. खूप मोकळं बोलतात. ते म्हणाले, आजोबा महाहुशार. माणूस गेला की वारस पहिल्यांदा पैसे काढून घेतात. पण कंपनीचा माणूस घरी येऊन दोन तास बसून गेला, की काढायची लाज वाटते. म्हणाले, आजच्या भाषेत ती ग्राहक टिकवायची युक्ती होती. भारीच ना?"

गुडघ्यावरची पँट त्याने उगाच सारखी केली.

"तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"नाही. माहीत होतं. हिने सांगितलं होतं मला."

लग्नाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. पैसे राहावेत म्हणून पाठवतात तुम्हाला, कळतंय ना, असं ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली होती. तो रागाने ताटावरून उठला होता. मग मी काय करू, नोकरी सोडू? तिने लाटणं थांबवलं नव्हतं. सोडायची कशाला? ते कशासाठीही पाठवोत. तुम्ही नीट बसा म्हणजे झालं.

"काका, मला किस्से हवेत," बाई म्हणाली. "ती युक्तीबिक्ती मी नाही घालणार फारशी. लोक काय सांगायचे ते हवंय. एवढी वर्षं तुम्ही घराघरात जाऊन ऐकलंत, बाप रे. त्यातले चार-पाच द्या. एक प्रकरण त्याच्यावरच करते. नाहीतर हे पुस्तक म्हणजे नुसते साहेबांचे फोटो."

"मलाही वाटतं ते यावं," तो म्हणाला. खरंच वाटत होतं. पाटी चालली, साहेब गेले, ती कापडाच्या दुकानावरची माडी पाडून तिथे गाड्या लावतात. मागे काही राहणार असेल तर तेवढंच.

"मग सांगा."

त्याने तोंड उघडलं.

एक घड्याळजी होता. त्याची बायको मुळीच रडत नव्हती. ती काहीतरी म्हणाली होती नवऱ्याबद्दल. काय म्हणाली होती? पुढे कितीतरी वर्षांनी घरी त्याच्या स्वतःच्या बायकोनेच ते पुन्हा काढलं होतं. भाजी चिरताना सुरी हवेत धरून ती म्हणाली होती, "अहो, तो घड्याळजी आठवतो का?" आणि सांगता सांगता इतकी हसली होती की डोळ्यांत पाणी आलं. सुरी आठवत होती. हसणं आठवत होतं. घड्याळजीच्या बायकोचे शब्द नव्हते.

एक शाळेतली बाई होती. तिचा भाऊ काहीतरी सांगत होता, छत्रीबद्दल. की चपलांबद्दल?

तो आठवत राहिला. घरं आठवत होती. जिने, दारं, भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकली, कुणाच्या तरी घरातलं थांबलेलं शिवणयंत्र. माणसं तोंड उघडायची तिथपर्यंत सगळं येत होतं, आणि पुढे काहीच नव्हतं.

बाईने मोबाइलकडे पाहिलं. त्यावर नुसते आकडे सरकत होते.

"सावकाश, काका."

"घरी आलो की हिला सांगायचो," तो म्हणाला. "हात-पाय धुवायच्या आधी. ती विचारायची, आज काय म्हणाले? मी सांगायचो आणि मोकळा व्हायचो. नाहीतर झोप लागली नसती. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणाकडे तरी जायचं असायचं."

"बरं."

"ती ठेवायची लक्षात. म्हणायची, मेलेल्यांच्या आठवणी मी सांभाळायच्या आणि पगार मात्र तुमच्या हातात."

बाई खळखळून हसली. "मग काकूंशीच बोलते ना! सरळ त्यांचंच नाव घालू पुस्तकात. घरी आहेत?"

"वारली," तो म्हणाला. "उन्हाळ्यात."

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला. बाईने मोबाइल उचलला, बटण दाबलं आणि तो पिशवीत टाकला.

"सॉरी, काका. मला कुणी सांगितलंच नाही. ऑफिसात माहीत नाही का?"

"कळवलं होतं. ठेवी तिच्याच नावावर होत्या."

"मग कुणी आलं असेल ना?"

"मोबाइलवर एक लिंक आली."

बाईने मान खाली घातली. ती काही त्या खात्यातली नव्हती, तिचा काय दोष! तिला हे सांगून अवघडवायला नको होतं, असं त्याला वाटलं. तो पाणी घ्या म्हणाला. तिने ग्लास उचलला, ओठाला लावला आणि परत ठेवला.

ती लगेच उठली नाही, हे त्याच्या लक्षात आलं. पिशवी मांडीवर धरून ती खुर्चीच्या कडेला बसून राहिली. खुर्ची दाराजवळच होती. पैशाचं नाव तिने काढलं नव्हतं. त्याच्या छातीत काहीतरी हललं, जुनी कडी निघावी तसं. कंपनीचं माणूस घरी आलं होतं.

"काकू कशा होत्या?" तिने हळूच विचारलं.

हा प्रश्न तो स्वतः कधी विचारत नसे, पण चालण्यासारखा होता. उत्तर द्यायची पाळी आता त्याची होती. आयुष्यभर त्याने माणसांना या जागी पाहिलं होतं. बोलायला लागण्याआधी ती कशी इकडेतिकडे बघतात, हाताला लागेल ती वस्तू कशी उचलतात. त्याचाही हात खुर्चीच्या दांड्यावरून फिरला. त्याला बायकोबद्दल एक काहीतरी सांगायचं होतं. मोठं नको. घड्याळजीच्या बायकोने सांगितलं तेवढंच. ती झोपेत काय बोलायची. रागावली की काय करायची. तिला कशाची भीती वाटायची, हे त्याने तिला विचारलं होतं का कधी? ती रोज विचारायची, आज काय म्हणाले. तो सांगायचा. मग जेवायचं, मग दिवा मालवायचा. तुझं आज काय झालं, असं विचारल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"चांगली होती," तो म्हणाला.

आणि तो थांबला. आता फक्त बाईने बसून राहायला हवं होतं. थोडा वेळ. झाकणाखाली काहीतरी असेलच, येईल वर, नेहमी येतं.

बाईने मान डोलावली. डोळ्यांच्या कडा तिने बोटाने टिपल्या.

"दिसतंच आहे ते," ती म्हणाली आणि उठली. "काळजी घ्या, काका. जेवणखाण वेळेवर करा. काही आठवलं तर मला फोन करा, रात्री-अपरात्री कधीही. नाहीच आठवलं तर मी काहीतरी जमवते. प्रकरण करणार मी, सोडणार नाही."

"सावकाश उतरा," तो म्हणाला. "दुसऱ्या मजल्यावरची पायरी फुटलीय."

तिची पावलं जिन्यातून खाली जाताना ऐकू येत राहिली. मग फाटकाचा आवाज झाला. त्याने दार लावलं.

खुर्ची परत आत न्यायची म्हणून त्याने पाठीला हात घातला, आणि उचलण्याऐवजी तीत बसला. कडेवर, गुडघ्यांवर हात ठेवून, पाठ न टेकता. अंगाला ती बैठक अजून ठाऊक होती. समोर दोन खुर्च्या होत्या. खिडकीजवळची तिची, आणि तिच्यासमोरची त्याची.

पायाशी ग्लास तसाच होता. त्याने तो उचलला आणि उरलेलं पाणी संपवलं.

मग तो वाट पाहू लागला. ऊन खिडकीतून आत आलं, तिच्या खुर्चीवर चढलं, काही वेळ थांबलं आणि भिंतीकडे सरकलं. खाली कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. पंखा फिरत होता. त्याचे पाय भरून आले, पण तो उठला नाही. घरातलं कुणी अजून बोललं नव्हतं.