वासाची खूण

बाईंना आता घराचं दार दिसत नसे. उजेड आणि सावली कळायची, समोर माणूस उभा असला तर तो माणूस आहे एवढं कळायचं, पण तो कोण हे त्याने तोंड उघडल्यावरच. गेलेली नजर आता परत यायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. घरी येऊन बाईंनी मुलाला आणि सुनेला सांगितलं, "चष्मा बदलायला सांगितलाय." आणि विषय तिथेच संपवला.

कारण साधं होतं. मागे एकदा चक्कर आल्याचं त्या बोलून गेल्या, तर मुलाने त्यांना गॅसजवळ जायची बंदी केली होती. डोळ्यांचं कळलं असतं तर जिना बंद झाला असता, आणि जिना बंद म्हणजे खाली भरणारा वर्ग बंद.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाई रोज संध्याकाळी इमारतीच्या खालच्या पडवीत मुलांना घेऊन बसत. फी नाही, हजेरी नाही. शाळेत वही असते म्हणून इथे पाटी, कारण पाटी पुसता येते आणि पुसता आली की चुकायची भीती वाटत नाही, असं त्या म्हणत. डोळे गेल्यापासून त्यांनी शिकवायची रीत थोडी बदलली होती. मुलांनीच मोठ्याने वाचायचं, बाई ऐकणार. गणित लिहून झालं की मुलाने ते उभं राहून समजावून सांगायचं. "मला काही येत नाही असं समज आणि मला शिकव," बाई म्हणायच्या, आणि मूल सांगताना थांबलं की विचारायच्या, "मग?" मुलांना हा खेळ फार आवडे. यात बाईंचं काही झाकलं जातंय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट मुलं पूर्वीपेक्षा बरी शिकू लागली.

अडचण फक्त परत वर येताना होती. तीन मजले, तिन्हींवर सारखे हिरवे दरवाजे, सारखी पायपुसणी. पायऱ्या मोजत जाता आलं असतं, पण निम्मी मुलं प्रश्न विचारत बरोबर वर येत. "बाई, मासा झोपतो का?" असं कुणी विचारल्यावर उत्तर न देता पायऱ्या मोजणं बाईंना या जन्मी जमलं नसतं. म्हणून त्यांनी आपल्या दाराशी मोगऱ्याची कुंडी ठेवली होती. वास आला की आपला दुसरा मजला आला.

पुढे मोगऱ्याचा बहर सरला. नुसत्या पानांना वास कुठला? तेव्हा बाईंनी एका डब्यात भाज्यांची आणि फळांची सालं पाण्यात आंबत घातली आणि ते पाणी रोज कुंडीत ओतायला सुरुवात केली. खत म्हणून कुणालाही पटण्यासारखं होतं. वास मात्र असा, की जिन्याचं वळण घेतल्याबरोबर नाकात शिरावा.

समोरच्या दारात शिवणकाम करणारी एक शेजारीण राहत होती. सगळे तिला टेलरताई म्हणत. तिच्या खोलीत उजेड यायचा तो जिन्याच्या खिडकीतूनच, त्यामुळे दार सताड उघडं ठेवून मशीन दाराशी घेऊन बसण्याखेरीज तिला इलाज नव्हता. आठवडाभर तिने सोसलं. मग नाकाला रुमाल बांधून बाहेर आली.

"बाई, हे खत आहे की शिक्षा?"

"झाडाला आहे, तुला नाही."

"भोगतेय मीच ना! अहो, एक गिऱ्हाईक काल झगा नाकाशी धरून म्हणालं, ताई, हा नवाच आहे ना, की खरकट्यातून काढलात?"

"कापड कपाटात ठेवत जा."

"कपाटात बसून शिवू का मी?"

बाईंना हसू आलं. टेलरताईची जीभ कात्रीसारखी चालते हे त्यांना ठाऊक होतं आणि एरवी ते आवडतही असे. पण त्यांनी डबा पुन्हा कुंडीत वाकडा केला.

"अहो बाई, झाड मरेल हो! तुम्हीच मुलांना सांगता ना, फाजील लाडाने मूळ कुजतं म्हणून?"

"ते मी मुलांबद्दल सांगते," बाई म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

आत येऊन त्या दाराला टेकल्या. टेलरताईचं बरोबर होतं. झाड मरणार हे त्यांनाही कळत होतं. दार उघडावं आणि तिला एकटीला सांगून टाकावं, असं ओठांपर्यंत आलं होतं. पण टेलरताईच्या पोटात गोष्ट राहत नाही. ती वाईटपणाने नाही, काळजीनेच सुनेला सांगेल, आणि मग झालंच. बाईंनी आतून कडी लावली.

टेलरताईने आणखी दोन-चार दिवस वाट पाहिली. मग सून कामावरून येताना तिला जिन्यातच गाठलं. "तुमच्या सासूबाईंचा मला आदर आहे, पण माझं पोट या मशीनवर आहे," एवढंच ती म्हणाली. सून शरमली. सुट्टीच्या दिवशी तिने कुंडी उचलून गच्चीत नेली, डबा फेकला, आणि झाडूवालीकडून सगळा जिना फिनेलने धुऊन घेतला. तळापासून वरपर्यंत एकच वास.

"आई, राग नाही ना आला?"

"छे," बाई म्हणाल्या. "झाडाला वर ऊनही मिळेल."

पुढचे काही दिवस बाई कठड्याला धरून, तोंड मिटून, पायऱ्या मोजत वर आल्या. मुलांना वाटलं, बाई रागावल्यात. खारूताई नावाने ओळखली जाणारी पुढे आलेल्या दोन दातांची एक चिमुरडी होती, तिने तर विचारलंच, "बाई, आमचं काय चुकलं?"

त्या प्रश्नाने बाई विरघळल्या. "काही नाही गं. विचार, काय विचारायचंय ते."

आणि त्या दिवशी ढग कशाचे बनतात हे सांगता सांगता बाई एक मजला जास्त चढल्या. बोलणं चालू ठेवतच त्यांनी किल्ली काढली आणि दाराला लावली. फिरेना. पुन्हा लावली, जोर केला. आत रात्रपाळीचा एक नवा भाडेकरू झोपला होता. त्याने खाडकन दार उघडलं.

"कोण आहे? काय चाललंय हे? दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावता?"

"हे माझं घर आहे," बाई म्हणाल्या.

"तुमचं? आजी, दिसत नाही का?"

तो झोपेत होता, बोलून गेला. पण मुलं बाईंच्या तोंडाकडे बघू लागली. आवाज ऐकून टेलरताई गळ्यात टेप तशीच घेऊन वर धावत आली. बाईंचा हात अजून कुलपाचं भोक चाचपत होता. टेलरताईने तो हात पाहिला. मग वळून जिन्याकडे पाहिलं, आणि खालच्या मजल्यावरच्या रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात ती कुंडी कशासाठी होती, ते तिला एका दमात कळलं.

रात्री मुलाने विचारलं, "किती दिवस झाले, आई?" बाई म्हणाल्या, "बरेच." मुलगा रागावला नाही, रडवेला झाला. त्याने किल्ली आपल्या खिशात टाकली. त्याचंही काही चुकलं असं म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी टेलरताई आली. "बाई, कुंडी मी खाली आणते. तुम्हाला हवं ते पाणी घाला. मी नाकात बोळे घालून शिवीन."

"आता कशाला? माझ्याकडे किल्लीच नाही."

"मग मी नेते तुम्हाला. रोज. वर्ग संपला की घेऊन येते."

सुनेने होकार दिला. टेलरताईने काम आवरतं घेतलं आणि हाताला धरून बाईंना पडवीत नेलं. मुलं सगळी आली होती. एकाने खुर्ची पुढे केली, एकाने पाण्याचा पेला थेट हातात दिला. सगळी हळू आणि मोठ्याने बोलत होती, जणू बाईंचे कानही गेले होते. "मला शिकव" हा खेळ त्या दिवशी कुणी खेळलं नाही. बाईंनी गणित घातलं. थोड्या वेळाने खारूताई म्हणाली, "झालं, बाई."

टेलरताई मागेच बसली होती. तिला दिसलं, पाटी कोरी होती.

"शाबास," बाई म्हणाल्या.

वर येताना पहिल्या वळणावर बाई थांबल्या. "पाटीवर काही नव्हतं ना?"

टेलरताई घुटमळली. "तुम्हाला कसं..."

"तिची पेन्सिल वाजली नाही."

"मग तिला बोलला का नाहीत? मी असते तर कान पिळला असता."

"कान पिळायला तो आधी दिसावा लागतो," बाई म्हणाल्या आणि हसल्या. मग म्हणाल्या, "ती लबाड नाही गं. आतापर्यंत तिला कधी फसवावंसं वाटलं नव्हतं. आता वाटलं, आणि फसवता आलं. मुलांना ही सवय माझ्या हातून लागायला नको."

"बाई, मला एक शब्द सांगायचा होतात. मी भांडले असते का?"

"नसतीस भांडलीस. हात धरला असतास." बाईंनी एक पायरी चढून दम घेतला. "आणि मला तेच नको होतं. तुझं नाक खरं, माझं दारही खरं. चूक माझीच झाली. मी तुला लांब ठेवलं."

"नाही हो," टेलरताई म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी तिने दार वाजवलं तेव्हा बाई आतूनच म्हणाल्या, "आज नको." त्याच्या पुढच्या दिवशीही नकोच होतं. मग बाईंचा निरोप मुलांना सांगायला टेलरताईच खाली गेली. वर्ग आता होणार नाही, म्हणाली. मोठी मुलं मान हलवून पांगली, आणि थोड्याच वेळात पलीकडे चेंडू टाकल्याचा आवाज येऊ लागला. खारूताई मात्र पाटी पोटाशी धरून उभी राहिली.

"मी खोटं सांगितलं म्हणून का?"

नाही म्हणणं सोपं होतं. टेलरताई पायरीवर तिच्याशेजारी बसली.

"थोडं तुझ्यामुळे," ती म्हणाली, "आणि बरंचसं माझ्यामुळे."

"तू काय केलंस?"

टेलरताईने सांगायला सुरुवात केली. सांगताना ती मध्येच थांबे, आणि खारूताई तिला बाईंसारखंच विचारी, "मग?"