पावणेचार फूट

तिसऱ्यांदा मोजलं तरी पावणेचार फूट सापडेनात.

बाहेरून इमारत तीस फूट रुंद होती. रुंदीत आत दोन खोल्या, बारा-बारा फुटांच्या. उरले सहा फूट, आणि भिंती तीन. नकाशात भिंती नऊ इंची दाखवल्या होत्या, म्हणजे तिन्ही मिळून सव्वादोन फूट. पंचशीलाने कागदाच्या कोपऱ्यात आकडे पुन्हा मांडले. उत्तर तेच आलं.

लातूरच्या ट्यूशन एरियातलं ते मुलींचं हॉस्टेल होतं. खाली-वर मिळून चाळीस मुली. मालक सिद्रामप्पा मोंढ्यातले व्यापारी. त्यांना वर आणखी दोन मजले चढवायचे होते आणि त्यासाठी बँकेचं कर्ज हवं होतं. बँकेसाठी घरांचं मूल्यांकन करणाऱ्या शेषेराव सरांकडे पंचशीला अकरा वर्षं मोजणीचं काम करत होती.

सिद्रामप्पा तिच्या मागोमाग फिरत होते. गुंतवणूक शिकवणाऱ्या एका शिबिराला ते हैदराबादला जाऊन आले होते, आणि घरात कुणी ऐकेना म्हणून तिला सांगत होते. इमारतींचे चार वर्ग असतात: ए, बी, सी, डी. वस्त्यांचेही चार. ए म्हणजे नवी, चकचकीत. डी म्हणजे जिकडे फिरकायचंच नाही. दोन्हींची जोडी जमवता आली की माणूस तरला.

"मॅडम, बिल्डिंग सी असली तरी चालतंय. एरिया ए पाहिजे. बिल्डिंगला रंग मारता येतो, एरियाला न्हाई."

ही इमारत घेतली तेव्हा कोणती होती, असं तिने विचारलं.

"सीच की. समोरून काचा लावल्या, झाली बी," ते समाधानाने म्हणाले.

न्हाणीघरात पाइपसाठी पाडलेलं एक भोक बुजवायचं राहिलं होतं. तिने त्यात बोट घातलं. विटेचा लाल चुरा लागला नाही, सिमेंटही नाही. बोट बाहेर आलं ते पांढऱ्या मातीने माखून.

ही माती ओळखायला तिला प्रयोगशाळेची गरज नव्हती. भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. औसा तालुक्यातल्या तिच्या गावात थोरल्या बहिणीला ढिगातून काढलं, तेव्हा बहिणीच्या नाकातोंडात हीच माती होती.

म्हणजे भिंती नऊ इंची नव्हत्याच. दोन-दोन फुटांच्या होत्या, दगड-मातीच्या. भूकंपानंतर लोकांचा एका स्लॅबवर तेवढा विश्वास बसला होता. स्लॅबचं घर पडत नाही, असं जो तो सांगे. मग कितीकांनी जुनं मातीचं माळवद उतरवलं आणि त्याच भिंतींवर स्लॅब ओतला. वरचं वजन वाढलं, खाली चिखलमाती तशीच राहिली. इथे तर त्यावर आणखी एक मजला होता, बाहेरून सिमेंटचा गिलावा होता, आणि दर्शनी बाजूला काहीही न पेलणारे दोन शोभेचे खांब होते.

तिने साबणाने दोनदा हात धुतला.

शेषेराव सरांनी तिचा कागद शांतपणे वाचला. बँकेच्या फॉर्ममध्येही तेच चार वर्ग होते; इमारतीच्या चौकटीत तिने डी लिहिलं होतं, आणि खाली: वर मजला चढवू नये, आहे तीही रिकामी करावी.

"भिंत फोडून बघितली का?" त्यांनी विचारलं.

"मोजून बघितली, सर."

"एरिया ए हाय, पंचशीला. उद्या बँकेनं जागा विकली तरी पैसा सुटतोय. बँकेला तेवढंच पाहिजे."

मुलींचं काय, असं तिने विचारलं. फॉर्ममध्ये मुलींची चौकट नाही, ते म्हणाले. रागावले नाहीत, चहासुद्धा मागवला. दोन दिवसांनी तिने फायलीत नवा कागद पाहिला. इमारत बी, वस्ती ए, भिंती नऊ इंची. खाली एका नव्या इंजिनिअरची सही होती.

तिला किळस आली. सरांची आली, त्याहून आपल्या हस्ताक्षराची जास्त आली. अकरा वर्षं वस्तीची चौकट तीच भरत होती. नाल्यापलीकडच्या आपल्या गल्लीपुढेही तिने दर वेळी डी लिहिलं होतं. अरुंद रस्ता, उघडी गटार, आणि फॉर्ममधला तिसरा मुद्दा: रहिवाशांचा स्तर. त्याच गल्लीत तिच्या वडिलांनी बांधलेलं घर होतं. ते गवंडी. भूकंपग्रस्तांच्या नव्या गावांत काम करताना शिकले होते, म्हणून त्यांनी पायाला, दारांच्या डोक्यावर आणि छताखाली असे तिन्ही ठिकाणी भूकंपात भिंती धरून ठेवणारे सळईचे पट्टे फिरवले होते. फॉर्ममध्ये पट्ट्यांनाही चौकट नव्हती.

रविवारी पालक भेटायला येतात. पंचशीला फाटकापाशी उभी राहिली आणि एकेकाला सांगू लागली. वॉचमन तिच्याकडे बघत फोनवर बोलत होता. सोमवारी आपलं काम सुटलेलं असणार हे तिला कळलं. पालकांपैकी बहुतेकांना वाटलं, ही दुसऱ्या हॉस्टेलची माणसं ओढणारी बाई. नायगावचे शिक्षक अमृतराव मात्र थांबले. आकडे त्यांनी स्वतः मांडून पाहिले. मग घाबरून विचारलं, पोरीला न्यायचं कुठं? परीक्षा दोन महिन्यांवर होती, आणि एरियात एक खाट मोकळी नव्हती.

तिने आपल्या घरची खोली दाखवली. त्यांनी भिंत ठोकून पाहिली, वडिलांकडून पट्ट्यांचं समजून घेतलं. त्यांची अक्षरा खिडकीत जाऊन बसलीही. आईने चहा आणला. अमृतरावांची नजर तेवढ्यात दारातून गल्लीच्या तोंडावरच्या निळ्या झेंड्यावर गेली.

"आताच घेतलाय," ते म्हणाले. कप तसाच राहिला. बाहेर आल्यावर चप्पल घालताना हळूच म्हणाले, "घर लई मजबूत हाय, ताई. पण गावाकडं पत्ता काय सांगू?"

अमृतराव कुठल्या शिबिराला गेले नव्हते. ए, बी, सी, डी त्यांना घरूनच येत होतं.

ती त्यांच्यासोबत परत हॉस्टेलवर गेली. अक्षराची खाट मागच्या भिंतीला लागून होती. तिने एका बाजूने धरली, अक्षराने दुसऱ्या, आणि दोघींनी ती ओढत दारापाशी आणली, हादरा बसलाच तर पळता यावं म्हणून. अमृतराव मान खाली घालून चादर धरून उभे होते.

"मधी कशाला टाकता?" स्वयंपाकीण शरणम्मा दारातून म्हणाली. "जाता-येता लागतीय की पायात."

"दोन महिने लागू द्या, मावशी," पंचशीला म्हणाली.

खोलीतली दुसरी मुलगी, उदगीरची आलिया, पुस्तक मिटून हे बघत होती. ती उठली, आपली खाट भिंतीपासून दोन वीत सरकवली आणि थांबली.

"ताई, माझी कुठं टाकू?"

पंचशीलाने खोली पाहिली. चार खाटा, चार पेट्या, दाराशी अक्षरा. तिने पुन्हा पाहिली. कुठेच जागा नव्हती.