जिंकेल तिचा शब्द

आईच्या हातात हुकमाची राणी होती. हात सहज मारता आला असता, तरी तिने चौकटची दुर्री टाकली. खुर्चीमागे उभ्या असलेल्या मुलाला वाटलं, हिचा चष्मा बदलायला झाला. चहाचा कप घेऊन तो बायकोच्या मागे गेला, तर तिथंही तेच नाटक. बाईसाहेबांनी एक्का मागे सारला आणि छक्की पुढे केली.

ही पैज त्यानेच लावून दिली होती. त्याची बदली झाली होती, सामान बांधत आलं होतं, आणि आईने बरोबर यायचं की याच घरात राहायचं, एवढंच ठरत नव्हतं. आई म्हणे, "सूनबाई म्हणेल तसं." बायको म्हणे, "आई म्हणतील तसं." या टोलवाटोलवीला वैतागून तो म्हणाला होता, "रोज दुपारी पत्ते कुटता ना? मग आज जिंकेल तिचा शब्द शेवटचा." आता दोघी जिवाच्या आकांताने हरायला बसल्या होत्या. असं का, ते काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना.

पण चांगली पानं लपवून लपवणार किती? दोघींचे हात सारखे झाले आणि एकेक पान उरलं. आईने तिर्री टाकली. सून आपल्या पानाकडे बघतच राहिली. पंजी होती, त्याच रंगाची.

"जिंकलीस बाई," आई म्हणाली. "बोल आता."

"तुम्ही मुद्दाम हरलात, आई. कळलं मला." सुनेने पंजी हळूच खाली ठेवली. "तुमच्याच्याने 'नाही' म्हणवत नव्हतं. तुमचा जीव या घरात आहे. राहा इथंच."

"तू तरी कुठं जिंकायला बसली होतीस?" आई हसली, पण ते हसू काही टिकलं नाही. "मलाही कळतं हो. बरं झालं, माझ्याही मनात तेच होतं."

"अगं पण, आई..." मुलगा म्हणाला.

आईने पानं गोळा केली, जोड नीट जुळवला आणि सुनेपुढे धरला.

"घेऊन जा. मी एकटी काय करू यांचं?"

सुनेने हात पुढे केला नाही.

"आणि तिकडं मी कुणाशी खेळू?"