चकचकीत बटणांचा खण

धाकटी बहीण कायमची राहायला आली ती दोन पेट्या आणि लेबलांचं एक भेंडोळं घेऊन. थोरलीनं तेव्हाच ओळखायला हवं होतं. धाकटीचा उभा जन्म यंत्रांच्या सुट्या भागांच्या गोदामात गेला होता. नोकरीतून ती निवृत्त झाली, पण गोदाम काही तिच्यातून निवृत्त झालं नव्हतं.

घर थोरलीचं. पुढच्या खोलीत तिचं शिलाईकाम, मागच्या दोन खोल्यांत राहणं. मशीनच्या उजव्या हाताला झाकणं घट्ट बसणारे जुने पत्र्याचे डबे. एकात बटणं, एकात हूक आणि टिचबटणं, एकात बॉबिनी, मशीनच्या सुया, खडूचे तुकडे असा सगळा गोतावळा. बाहेरच्याला तो उकिरडा वाटला असता. पण थोरलीनं डब्यात हात घातला की बोटं हवी ती वस्तू घेऊनच वर यायची. डोळ्यांना तसदीच नव्हती.

आणि ते बरंच होतं. कारण थोरलीला अलीकडे जवळचं धड दिसत नव्हतं. चष्मा लावूनही सुईचं नेढं म्हणजे नुसता धुरकट ठिपका. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. लेकीला सांगावं तर ती म्हणणार, "आई, आता बास कर शिवण." धाकटीला सांगावं तर ती दोन दिवसांत घराचा कारभार हातात घेणार. म्हणून थोरलीनं गुपचूप एक लहानसा दिवा आणला होता. गळ्यात अडकवायचा, बटणाएवढ्या चपट्या सेलवर चालणारा. धाकटी आंघोळीला गेली की ती तो लावून पुढच्या कामाच्या सुया आधीच ओवून ठेवायची.

एके दिवशी थोरली कापड आणायला बाजारात गेली आणि परत येऊन पाहते तो डबे गायब! त्यांच्या जागी भिंतीला टेकून प्लॅस्टिकच्या पारदर्शक खणांचं एक कपाट. प्रत्येक खणावर लेबल, लेबलावर मुंगीच्या पायांसारखं बारीक अक्षर.

"बघ कसं झालंय," धाकटी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "वर सुया, टाचण्या, टोकदार हत्यारं. मध्ये दोरे, बॉबिनी. खाली बटणं. तुला बसल्या जागेवरून हाताशी यावीत म्हणून."

"माझे डबे कुठंयत?"

"भंगारवाल्याला दिले. गंजले होते ताई. किती दिवस कवटाळून बसायचं?"

थोरलीच्या ओठांवर शब्द आला होता. तिनं तो गिळला आणि नुसतं म्हणाली, "छान."

पुढचे दिवस त्या 'छान'नं नासवले. एक गिऱ्हाईक बाई अर्धवट टाचलेला कोट अंगावर घेऊन, हात पसरून उभी. आणि थोरली एकामागून एक खण उघडतेय. टाचण्या म्हणून हूक निघाले, हूक म्हणून इलॅस्टिक. धाकटी स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, लिहिलंय की वर!" गिऱ्हाईक हसलं. थोरलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्या दिवसापासून तिनं वस्तू वापरली की हाताला येईल त्या खणात भिरकवायला सुरुवात केली. धाकटी रोज संध्याकाळी सगळं पुन्हा लावायची आणि पुटपुटायची, "मुद्दाम करतेस तू." थोरली म्हणायची, "हो, मला दुसरा उद्योग काय आहे!" दोघींमध्ये बोलणं म्हणजे चिमटे काढणं एवढंच उरलं होतं.

अशातच एका सकाळी तो दिवा विझला. थोरलीनं दाराकडे पाठ करून घाईघाईनं जुना सेल काढला, नवा बसवला, आणि तेवढ्यात मागे पावलं वाजली. दिवा तिनं ब्लाउजमध्ये सारला. जुना सेल मुठीतच राहिला. वाकल्यासारखं करून तिनं खालचा एक खण ओढला आणि सेल आत टाकला. आत चकचकीत काहीतरी दिसत होतं. कोटांची धातूची बटणं असावीत. मनात म्हणाली, जा, तुझ्या भाईबंदांत जा. नंतर काढू.

"काय शोधतेस?" धाकटीनं विचारलं.

"बटण. बटणांच्या खणात माणूस काय शोधणार?"

नंतर काढायचं राहून गेलं.

लेकीची मुलगी रोज सकाळी त्यांच्याकडे यायची. अजून दोन वर्षांचीही नव्हती. पण पायाला भिंगरी, म्हणून नावच भिंगरी पडलं होतं. त्या दुपारी ती कापड बेतायच्या टेबलाखाली चिंध्यांत खेळत होती. धाकटी मागे कपडे वाळत घालत होती. थोरली मशीनवर एका लांब पडद्याची कड मारत होती. त्या घरघरीत तिला काही ऐकू आलं नाही. कड संपली, मशीन थांबलं, आणि मग ऐकू आलं. ठसका. पुन्हा ठसका. मग उलटी येताना येतो तसा घशातला आवाज.

थोरली वाकली. खालचा खण सबंध बाहेर आला होता. बटणं जमिनीभर. त्यांच्या मधोमध भिंगरी बसलेली, डोळ्यांत पाणी, हनुवटीवरून लाळेची धार.

"अगं ये गं इकडे!" थोरली किंचाळली.

धाकटी ओल्या हातांनीच धावत आली. तिनं पोरीला उचललं, तोंड उघडून पाहिलं. तोंडात काही नव्हतं. पोर श्वास नीट घेत होती, रडतही होती. पाणी दिलं तर एक घोट घेऊन तिनं ते बाहेर टाकलं आणि मान मागे टाकून जास्तच रडायला लागली.

"गिळलंय काहीतरी," धाकटी म्हणाली. "श्वास चालू आहे. बटणच असेल. चल, दवाखान्यात नेऊ."

थोरली गुडघ्यांवर बसून जमिनीवरून हात फिरवत होती. चार भोकांचं. दोन भोकांचं. मागे कडी असलेलं. पुन्हा चार भोकांचं. ती जे शोधत होती त्याला भोकं नव्हती, कडी नव्हती. ते दोन्हीकडून गुळगुळीत होतं.

"ताई! बटणं कसली वेचतेस? ऊठ!"

"बटणच असेल," थोरली म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "बटणच."

टॅक्सीत धाकटीनं भिंगरीला उभं धरलं होतं. पोर मध्येच शांत व्हायची, मध्येच घशाशी हात नेऊन कळवळायची. धाकटीनं लेकीला फोन लावला, दोन वाक्यांत सगळं सांगितलं. थोरली खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट गरागरा फिरत होती. खण तोच होता का? की त्याच्या वरचा? सेल टेबलाखाली घरंगळला असेल, जमिनीवर पडला असेल, मीच नीट चाचपलं नसेल. आणि संपलेला तर होता. संपलेल्या सेलमध्ये काय राहतं? काही नाही. एका गोळीएवढा पत्रा. देवा, काही नाहीच राहत ना?

दवाखान्यात तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर रांग होती. हात मोडलेला एक माणूस, तापानं फणफणलेलं एक बाळ, आणखी कोण कोण. परिचारिकेनं भिंगरीच्या छातीला नळी लावून पाहिली, ओठांचा रंग पाहिला.

"काय गिळलं?"

"बटण," धाकटीनं सांगितलं. "शिवणकामाचं."

"टोकदार नव्हतं ना? बरं. श्वास चांगला आहे. बसा, नंबर आला की बोलावते. खायला-प्यायला काही देऊ नका."

त्या बसल्या. थोरलीनं समोरच्या बंद दाराकडे पाहिलं. आत्ता बोललं तर सगळं बोलावं लागणार होतं. सेल कसला? दिव्याचा. दिवा कसला? दिसत नाही म्हणून आणलेला. कधीपासून दिसत नाही? आणि अशा डोळ्यांनी तू पोर सांभाळत होतीस? लेक धापा टाकत जिन्यातून येईल आणि पहिला प्रश्न हाच करेल. त्यापेक्षा आणखी थोडं थांबावं. डॉक्टर बघतीलच. बटण असलं तर सांगायची वेळच येणार नाही.

भिंगरीनं खोकून लाळ टाकली. ती धाकटीच्या बाहीवर पडली. त्या लाळेत रक्ताचा एक बारीक धागा होता. थोरलीला सुईचं नेढं दिसत नव्हतं. पण तो लाल धागा तिला लख्ख दिसला.

ती उठली. परिचारिकेपाशी गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "बटण नसेल ते. सेल असेल. दिव्याचा चपटा सेल. मीच टाकला होता बटणांत."

परिचारिकेच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "केवढा? कधी गिळला?"

"एवढा," थोरलीनं अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. "दुपारी. आत्ताच. तासही झाला नसेल. पण संपलेला होता तो."

"संपलेला दिव्यासाठी. घशाला चटका द्यायला पुरतो तो," म्हणत ती दार ढकलून आत गेली. क्षणात दोघं-तिघं बाहेर आले. धाकटीच्या कडेवरून पोर उचलली गेली. रांगेतला हात मोडलेला माणूस आपणहून बाजूला सरकला.

धाकटी रिकामे हात तसेच पुढे धरून उभी होती. तिनं थोरलीकडे वळून पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

लेक आली तेव्हा डॉक्टर एक्स-रे दाखवत होत्या. इवल्याशा बरगड्यांमध्ये, अन्ननलिकेत एक पांढरी वाटोळी चकती, आणि तिच्या काठाच्या आत दुसरा काठ. "बटणाला असा दुहेरी काठ दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सेलच आहे. पोरीला भूल देऊन, तोंडातून दुर्बीण घालून काढणार आहोत. लगेच. वेळ लागला तर आतलं भाजत जातं. तुम्ही सांगितलंत म्हणून थांबलो नाही."

"कुणी सांगितलं?" लेकीनं विचारलं. "सेल आला कुठून?"

धाकटी तोंड उघडणार तोच थोरली म्हणाली, "माझा होता." आणि तिनं सगळं सांगितलं. डोळे, दिवा, खण. काही राखलं नाही. लेक ऐकत गेली तसतसा तिचा चेहरा घट्ट मिटत गेला.

"मला दिसत नाही, एवढं एक वाक्य होतं, आई," ती शेवटी म्हणाली. "मी रोज सकाळी माझी पोर तुझ्या हातात देऊन जात होते."

"कपाट मी खाली ठेवलं," धाकटी मध्येच म्हणाली. "पोर घरात आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझे डोळे तर चांगले आहेत."

"मावशी, आत्ता नको," लेक म्हणाली आणि शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तिघी तीन ठिकाणी. थोरलीनं बाकाची कड धरून ठेवली होती. आतून पावलं आली की ती अर्धवट उठायची. पावलं भलतीकडेच जायची. कुणीतरी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. थोरलीला रडू येत नव्हतं. रडायचा हक्कही आपण गमावला असं तिला वाटत होतं.

अखेर दार उघडलं. डॉक्टरांच्या हातात झाकणाची छोटी डबी होती. आत तो सेल. एक बाजू काळी पडलेली. "निघाला," त्या म्हणाल्या. "अन्ननलिकेला आतून भाजलंय, पण वरवर. आरपार गेलेलं नाही. काही दिवस इथंच ठेवू, नळीनं दूध देऊ, पुन्हा आत पाहू. आज तरी बरं म्हणायला हरकत नाही."

लेक खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. थोरली तिच्याकडे जायला उठली, अर्ध्या वाटेवर थांबली. लेकीनं मान वर केली नाही. धाकटीनं थोरलीचा दंड धरून तिला पुन्हा बाकावर बसवलं आणि दंड सोडला नाही.

भिंगरी दवाखान्यात होती तोवर लेकीनं थोरलीला एकदाच आत येऊ दिलं. पोर नाकात नळी घालून झोपली होती. घरी नेतानाही लेक म्हणाली, "सध्या मी रजा घेतलीय. तिला तुमच्याकडे सोडणार नाही." थोरलीनं मान डोलावली.

त्या संध्याकाळी दोघी बहिणी पुढच्या खोलीत शिरल्या. बटणं अजून जमिनीवरच होती. इतके दिवस दोघीही त्यांना वळसा घालून चालत होत्या. धाकटीनं चटई अंथरली, बटणं गोळा केली आणि टेबलावरचा दिवा जवळ ओढला.

"दिसत नाही म्हणाली असतीस तर मोठ्या अक्षरात लिहिलं असतं मी," ती म्हणाली.

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू आलीस आणि माझे डबेच विकलेस."

"गंजले होते."

"होते. माझे होते."

धाकटी बराच वेळ बटणं इकडून तिकडे सारत राहिली. मग म्हणाली, "चुकलं माझं. विचारायला हवं होतं." आणि नेहमीच्या फणकाऱ्यानं लगेच जोडलं, "तुझं तर चुकलंच चुकलं."

"हो," थोरली म्हणाली.

त्यांनी सुताराकडून ते खणांचं कपाट भिंतीवर उंच ठोकून घेतलं, त्याला दार बसवून कडी आणि कुलूप लावलं. लेबलं धाकटीनं स्वतःच्या हातानं खरवडून काढली. त्याऐवजी प्रत्येक खणाच्या तोंडाशी आत काय आहे त्याचा एक नमुना पक्का टाचला. बोट फिरवलं की कळावं म्हणून. कुठला नमुना कुठे, हे थोरलीनं ठरवलं. धाकटीनं फक्त दोनदाच वाद घातला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाकटी सोबत गेली. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुसऱ्यात धरत होता. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. तोवर सुया धाकटी ओवायची, दातांनी दोरा तोडून, ऐट करत.

पुष्कळ दिवसांनी लेक आली. भिंगरी कडेवर होती. थोडी वाळलेली, आवाज जरा घोगरा. लेक उंबऱ्यातच उभी राहिली. तिनं आधी जमीन पाहिली, मग टेबलाखाली वाकून पाहिलं, मग कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. थोरली मशीनवरचे हात मांडीवर घेऊन बसली होती.

"मी इथंच बसणार आहे," लेक म्हणाली.

"बस की," थोरली म्हणाली.

लेक चटईवर बसली. भिंगरीनं थोडा वेळ आईच्या मांडीवर वळवळ केली, आणि मग लेकीनं हाताची मिठी सैल केली.